डॉक्टरीणबाईंची उचल

पैज लागली ती कारभारीच्या हॉटेलात, आणि लागली ती निव्वळ रिकामपणातून. निम्मं हिवरवाडी ऊसतोडीला गेलेलं, भज्यांची कढई थंड, आणि कारभारी काउंटरवर बसून मिशीशी खेळत होता. तेवढ्यात शेजारची रतनबाई वाटीभर साखर मागायला आली. कारभारीचं हॉटेल आणि रतनबाईचं घर यांच्यात एकच भिंत. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी गेली वीस वर्षं भांडण चालू होतं, आणि साखरेची देवाणघेवाणही.

"वहिनी, लिहून घ्या," कारभारी म्हणाला, "त्या जीपवाल्याला आपली डॉक्टरीन सापडायची न्हाई. अक्षय तृतीयेपस्तोर तर न्हाईच."

"सापडंल," रतनबाई म्हणाली. "मानूस चिवट हाय. कॉलरवर येवढी धूळ बसली तरी परत येतोय."

"लागली पैज?"

"लागली. हरनाऱ्यानं काय करायचं?"

कारभारीनं मिशी सोडली. असल्या कामात त्याचं डोकं फार चाले. "भर बाजारात गावातल्या समद्या गाढवांना जिलबी वाढायची. चारायची न्हाई, वाढायची! लग्नात पाव्हन्यांना वाढत्यात तशी. 'घ्या पाव्हनं, लाजू नका' म्हनत."

"कबूल."

"पन तुमी सवता त्याला सांगायचं न्हाई. खूण करायची न्हाई. अन् बाईला बी यातलं काय कळाया न्हाई पायजे."

रतनबाईनं साखरेच्या वाटीवर हात ठेवून शपथ घेतली.

आता ही डॉक्टरीण कोण आणि जीपवाला कोण, ते ऐका.

डॉक्टर प्रज्ञा साळवे, देवळाली प्रवऱ्याची. वडील साखर कारखान्यात कामगार. पोरगी हुशार, मेडिकलला नंबर लागला. कारखान्याच्या एका शिक्षण संस्थेनं फीचे पैसे दिले, ते या बोलीवर की डॉक्टर झाल्यावर, जिथं डॉक्टर जात नाही अशा गावात दोन वर्षं दवाखाना चालवायचा. म्हणजे कर्ज फिटलं. पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत, जिथं एसटी दिवसातून एकदा येते आणि कधीकधी तीही विसरते, ते हिवरवाडी तिच्या वाट्याला आलं. दोन वर्षं आता संपत आली होती. औरंगाबादला लहान मुलांच्या आजारांच्या पुढच्या शिक्षणाला तिला जागा मिळालेली. फक्त एक कागद हवा होता. संस्थेचा माणूस येणार, गावात चौकशी करणार, 'सेवा पूर्ण' असं लिहून देणार. तो कागद नाही, तर जागा गेली.

आणि हा माणूस काही येईना.

"मामा, संस्थेचं कुणी आलं होतं का?" प्रज्ञा रोज सकाळी कारभारीला विचारायची.

"न्हाई बा," कारभारी रोज सांगायचा, इतक्या साध्या चेहऱ्यानं, की त्याच्या चेहऱ्याला बक्षीस द्यावं.

माणूस तीन वेळा येऊन गेला होता.

पहिल्यांदा आला तेव्हा प्रज्ञा वस्तीवर पोरांना डोस द्यायला गेलेली. "डॉक्टर? हितं? आमाला सर्दी झाली तर आमी पाथर्डीला जातो," कारभारीनं सांगितलं. दुसऱ्यांदा ती दवाखान्यातच होती, पण बाहेरून कुणीतरी कडी घातली. आत ती दार बडवत राहिली, आणि बाहेर कारभारी जीपवाल्याला सांगत होता, "सायब, आत वळू बांधलाय. मारका हाय." तिसऱ्यांदा त्यानं तिला धनगरवस्तीवर पिटाळलं. पेशंट लई सीरियस हाय म्हणून. उन्हातनं दोन कोस चालत गेली, तर पेशंट शेळी निघाली.

प्रज्ञानं कपाळावर हात मारून घेतला. शेळीनंही तिच्याकडं जरा ओशाळून पाहिलं.

शेवटी वैतागून ती पाथर्डीला निघाली, संस्थेला फोन करायला. एसटीडी बूथवर रांग. काचेच्या खोपटात एक तरुण उभा, आणि फोनवर असा ओरडत होता की फोन नसता तरी पलीकडं ऐकू गेलं असतं.

"नाही हो सर! तीन वेळा गेलो! डॉक्टर प्रज्ञा साळवे नावाची बाईच त्या गावात नाही! …हो, फरार म्हणा! …हो सर, तसाच रिपोर्ट देतो."

प्रज्ञाच्या हातातली पर्स खाली पडली. फरार?

तो बाहेर आला. उंच, सावळा, पापण्यांवरसुद्धा धूळ. पर्स उचलून त्यानं तिच्या हातात दिली. "तुमची?"

"कोण फरार आहे?" तिनं विचारलं.

"अं? आहे एक डॉक्टरीण." त्यानं रुमालानं मान पुसली. "माफ करा, मी फार ओरडत होतो का?"

"नाही, तिसगावपर्यंतच ऐकू गेलं."

तो हसला. हसला की त्याचा एक गाल आत जायचा. प्रज्ञाला ते दिसलं आणि उगाचच जास्त राग आला. समोर रसवंती होती, घुंगरं वाजत होती. "चला, रस पिऊ," तो म्हणाला, "तुमचा घसा बसलेला दिसतोय. आणि माझा तर गेलाच."

कुणा अनोळखी माणसाबरोबर ती एरवी रस प्यायली नसती. पण या माणसाच्या हातात तिचं औरंगाबाद होतं. ती गेली.

"कशी दिसते ही तुमची डॉक्टरीण?" ग्लास फिरवत तिनं विचारलं.

"दिसली असती तर सांगितलं नसतं का? पण मी डोळ्यांसमोर आणलीय. चष्मा असणार. कपाळाला आठ्या असणार. नाकावर राग."

प्रज्ञानं चष्मा वर सरकवला. कपाळाच्या आठ्या काही सरकेनात.

"आणि?"

"आणि पळपुटी. लोकांचे पैसे घेऊन शिकायचं, मग गावाला टांग मारायची. पुण्यात बसली असेल कुठल्या तरी एसीत…" तो बोलता बोलता थांबला. तिच्याकडं नीट पाहिलं. चष्मा. आठ्या. नाक.

"अजून काही राहिलं का?" प्रज्ञानं विचारलं.

"तुम्ही…"

"डॉक्टर प्रज्ञा साळवे. फरार."

त्याला ठसका लागला. रस नाकात गेला. दोन मिनिटं तो खोकत राहिला, आणि पाठ थोपटावी की नको, या विचारात तिचा हात हवेतच राहिला.

"जयभीम," शेवटी तो कसाबसा म्हणाला. "नितीन वाघमारे. संस्थेचा तपासनीस. …पण मॅडम, खरं सांगू? माझा आता कुणावरच विश्वास नाही. त्या गावात मला एक जण म्हणाला, मीच डॉक्टर. तो म्हशीला पाजायचं तेल विकत होता."

"डिग्री दाखवू?"

"डिग्री असेल तुमची. पण दोन वर्षं तुम्ही तिथं राहून काम केलंत, हे गावानं सांगायला पाहिजे. दोन साक्षी. नियम आहे."

"दोन? दोनशे देते!" प्रज्ञा उठली. "काढा जीप."

जीपच्या मागच्या सीटवरून तिनं त्याला दम भरला, त्याच्या रिपोर्टची, त्याच्या नियमांची, चष्म्याविषयीच्या त्याच्या अकलेची साल काढली. तो मान हलवत गाडी चालवत होता. मधेच आरशातून तिच्याकडं बघायचा, आणि ती बघतेय असं कळलं की रस्त्यावरचा खड्डा चुकवायला विसरायचा.

"समोर बघा!"

"बघतोय की."

"आरशात मागचं दिसतं."

हिवरवाडीच्या वेशीवर जीप थांबली तेव्हा वळवाचे चार थेंब पडले, तेही कंजुषी करत. दवाखान्यासमोर प्रज्ञा उतरली आणि जागीच थिजली. पाटी गायब! भिंतीवरचं तिचं सर्टिफिकेट गायब, तिथं खताच्या दुकानाचं कॅलेंडर. जीपची धूळ लांबून दिसताच कारभारीनं काम उरकलं होतं. औषधाची कपाटं गोधड्यांनी झाकली होती, आणि तपासायच्या टेबलावर कुणीतरी पापड वाळत घातले होते.

"मामा! हे काय?"

कारभारी पुढं झाला. नितीनला हात जोडले. "या सायब! परत आलात? बरं झालं, आमची पोरगी सुखरूप आनून सोडली. ही रतनबाईची भाची. शिवनकाम शिकाया आलीय."

"मामा, मी डॉक्टर आहे!"

"तेच की," कारभारी नितीनच्या कानाशी गेला, पण आवाज सगळ्यांना ऐकू येईल एवढा. "मेडिकलला नंबर लागला न्हाई, तवापासनं असंच चालू हाय. आमी 'व्हय व्हय' म्हनतो. तुमी बी म्हना."

प्रज्ञाला वाटलं, आता आपण किंचाळणार. ती रतनबाईकडं वळली. "मावशी, तुम्ही तरी सांगा! परवा तुमची शुगर कुणी तपासली?"

रतनबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळे बाहेर यायचे बाकी. पैजेची अट! तिनं खोकून पाहिलं. कारभारी गुरकावला, "खूण न्हाई, वहिनी!"

"मला काय बी म्हाईत न्हाई," रतनबाई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"भिमाजी आबा, तुमचा खोकला? अहो, तुम्हाला रोज रात्री…"

"मला कुटं खोकला?" भिमाजी म्हणाला, आणि खोकला दाबता दाबता जांभळा झाला.

प्रज्ञा दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसली. दोन वर्षं! या लोकांची बाळंतपणं केली, गळवं कापली, पोरांचे जुलाब थांबवले, आणि आज एक माणूस नाही. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं चष्म्यामागंच ठेवलं. नितीन फक्त तिच्या शेजारी, एक पायरी सोडून, बसला.

"मी यांचं काय वाईट केलं हो?" ती पुटपुटली.

"तेच मी बघतोय," तो हळूच म्हणाला. "वाईट केलेल्या माणसासाठी कुणी इतकं खोटं बोलत नाही."

तेवढ्यात दवाखान्यामागून एक आवाज आला. ओरडायला सुरुवात करून मधेच गिळलेला आवाज. मागं सरपणाच्या ढिगात कारभारीनं पाटी लपवली होती. ती अजून नीट झाकावी म्हणून गेला, आणि लगेच परत आला. हात धोतराच्या सोग्यात, चेहऱ्यावर हसू, आणि कपाळावरून घामाच्या धारा.

"काय झालं मामा?" नितीननं विचारलं.

"काय न्हाई. गरम हुतंय."

"वारा सुटलाय."

"मला वाऱ्यानंच गरम हुतं."

प्रज्ञानं मान वर केली. तिचा राग कुठं गेला, तिचं तिलाच कळलं नाही. उठून सरळ कारभारीचा हात ओढून काढला. बोट सुजायला लागलेलं, तळवा बर्फासारखा गार.

"विंचू. काळा होता का लाल?"

"कसला इचू?" कारभारीचे दात वाजत होते. "भाचे, तू शिवनकाम बघ."

"मामा, काळा का लाल?"

कारभारीनं जीपकडं पाहिलं, नितीनकडं पाहिलं. रतनबाईच्या डोळ्यांत त्याला गाढवं दिसली, ओळीनं बसलेली. आणखी एक कळ आली. आणि मग त्यानं असा काही गळा काढला, की आवाज डोंगरापलीकडं गेला असेल.

"लाल! लाल हुता! ओ डॉक्टरीनबाई, मेलो, वाचवा!"

"डॉक्टरीनबाई?" नितीननं वही उघडली.

पण त्याच्याकडं बघायला कुणाला वेळ होता? पापड उडाले, गोधड्या निघाल्या. जो तो पळत सुटला. "डॉक्टरीनबाईंची पेटी द्या!" "सरका, बाईला जागा द्या!" "ओ सायब, बाजूला व्हा, आमच्या डॉक्टरीनबाईला काम करू द्या!" भिमाजी आबा तर मनसोक्त खोकतही होता.

प्रज्ञानं बोटाच्या बुडाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, हृदयावरचा ताण उतरवायची गोळी दिली. "आता संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही. नाडी बघत बसावी लागेल. नितीनसाहेब, नुसते उभे काय? धरा."

"मी?"

"इथं. अंगठ्याच्या खाली. बोटं अशी नाही…" तिनं त्याची बोटं धरून कारभारीच्या मनगटावर ठेवली. "दाबा. लागतेय?"

"लागतेय… फार जोरात पळतेय."

"ती तुमची स्वतःची. मामांची मोजा."

कारभारीनं एक डोळा उघडला. "म्या हितं मरतोय, अन् तुमी माझ्या हातावर एकमेकांचं हात धरताय?"

दोघांनी एकदम हात काढले. नाडी राहिली बाजूला.

ऊन उतरलं तसा कारभारीचा हात ऊबदार झाला, घाम थांबला. मग प्रज्ञानं विचारलं. "का केलंत, मामा?"

कारभारी छताकडं बघत राहिला. "तुमी पैल्या दिवशी रतनवहिनीला काय सांगितलं? संस्थेनं पैसं दिलं, ते काम करून फेडायचं. म्हंजी उचल! आमी न्हाई का मुकादमाकडनं उचल घेत, अन् सहा महिने उसात राबून फेडत? मग मुकादम जीप घिऊन येतो. मानूस सापडला की उचलून नेतो, म्हनतो, चल दुसऱ्या फडावर. आमच्या गावाची रीतच हाय. जीप आली की कुनी कुनाला वळखत न्हाई. ह्यो तुमचा मुकादम. वाटलं, सापडला तर तुमाला नेतोय दुसऱ्या गावाला."

प्रज्ञाला ओरडावं की हसावं, ते ठरेना.

"मामा," शेवटी ती म्हणाली, "यानं कागद दिला तरच माझी उचल फिटते. नाही तर मला परत पहिल्यापासून फेडावी लागेल. आणि मी जाणार आहे, पण शिकायला. तुम्ही दसरा झाला की उसाला जाता. परत येता ना?"

"येतो की."

"मग?"

कारभारीनं नाक ओढलं. नितीन खिडकीकडं तोंड करून उभा होता, आणि कारण नसताना वहीची पानं उलटत होता.

जाताना तो जीपपाशी घुटमळला. "कागद ऑफिसात टाइप होईल. पोस्टानं… पाठवतो."

"पाठवा," ती म्हणाली. "पत्ता आहे ना? फरार, मुक्काम हिवरवाडी."

"चष्म्याचं मी मागं घेतो," तो म्हणाला. "आठ्यांचं नाही. आठ्या चांगल्या दिसतात."

ती काही बोलायच्या आत जीप सुटली. असा राग आला तिला! रात्री जेवतानाही येत होता. दुसऱ्या दिवशी पेशंट तपासतानाही. पोस्टमन दिसला की तर फारच.

पोस्टानं काही आलं नाही. आला तो नितीनच. बाजाराच्या दिवशी, एसटीनं, इस्त्रीचा शर्ट घालून.

ऊसतोडीची माणसं परतलेली, बाजार फुललेला. आणि बाजाराच्या मधोमध कारभारी आणि रतनबाईचं जुंपलेलं. प्रज्ञा मध्ये उभी. पैजेचं तिला त्याच सकाळी कळलं होतं, आणि ती दोघांवरही भडकलेली होती.

"सायबाला डॉक्टरीन सापडली!" रतनबाई कंबर कसून. "आन जिलबी!"

"कुटं सापडली?" कारभारीचं बोट अजून पांढऱ्या पट्टीत. "बाईनंच सायबाला पाथर्डीतनं धरून आनला! सापडला तो सायब! तुमी हरला, वहिनी!"

"हे बघा, आलेच सायब!" भिमाजी ओरडला. "त्यांनाच इचारा!"

गर्दीनं वाट दिली. नितीनच्या हातात लिफाफा होता. तो त्यानं आधी प्रज्ञाला दिला. तिनं उघडला. 'सेवा पूर्ण.' खाली गोल शिक्का. तिनं कागद छातीशी धरला आणि मोठा श्वास सोडला, दोन वर्षांचा.

"सायब," कारभारीनं विचारलं, "खरं सांगा. डॉक्टरीन तुमाला सापडली का?"

"नाही," नितीन म्हणाला. "मामा बरोबर बोलतायत. डॉक्टर मला सापडल्या नाहीत. त्यांनीच मला पकडलं."

कारभारीनं उडी मारली. रतनबाईचा चेहरा पडला.

"पण पैज कुठपर्यंत आहे?"

"अक्षय तृतीया," कारभारी म्हणाला. "अजून हाय टाइम. का?"

"नाही… तो कागद पोस्टानं येणार होता." नितीनच्या कपाळावर घाम आला. विंचू नसताना. "मी आज आलो तो परत शोधायलाच आलोय. डॉक्टरला नाही. प्रज्ञाला. आता ती सापडली की नाही… ते तिनंच सांगावं."

बाजारातले तराजू अधांतरी.

"इथं?" प्रज्ञा कानापर्यंत लाल झाली. "कांद्याच्या ढिगाजवळ? असं विचारतात?"

"तुमच्या या गावात खासगीत काही विचारायची सोय आहे का?"

नव्हती, हे तर खरंच होतं.

"मी औरंगाबादला चाललेय. दोन वर्षं."

"माहितीय. त्या कागदावर मीच सही घेऊन आलो."

"तिथंही जीप घेऊन येणार तपासणीला?"

"जीप संस्थेची. मी एसटीनं येईन."

"ती वेळेवर येत नाही."

"मीही वाट बघायला शिकलोय. याच गावानं शिकवलं."

त्याचा एक गाल आत गेला. प्रज्ञानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. आठ्या घालायचा प्रयत्न केला, पण आज जमेना. मग तिनं मान वळवली.

"मामा," ती म्हणाली, "जिलबी काढा."

असा कल्ला उठला की कांद्याचे ढीग घसरले. रतनबाईनं प्रज्ञाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून बोटं कडाकडा मोडली, आणि लगेच कारभारीच्या खांद्यावर पंचा टाकला.

कुंभारांची, वडारांची, मिळून सगळी गाढवं पारासमोर ओळीनं उभी केली गेली. पुढ्यात पत्रावळ्या. कारभारीनं परात उचलली, मिशीवरचा घाम पुसला आणि पंगतीच्या पहिल्या पाहुण्यापुढं वाकला.

"घ्या पाव्हनं… लाजू नका…"

पाहुण्यानं जिलबी हुंगली आणि तोंड फिरवलं.

"आग्रह कमी पडतोय!" रतनबाई ओरडली. "हात जोडा की!"

कारभारीनं भर बाजारात, पट्टीच्या बोटासकट, हात जोडले.